गाडी बर्फावर, जीव टांगणीला : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की थंडीतल्या रस्त्यांबद्दल काय विचारायचंय ते बिनधास्त विचारा, तर मेलबॉक्स तुडुंब भरला. निम्म्या लोकांना ब्रेकची धास्ती आहे, उरलेल्यांचं शेजाऱ्याशी मिठावरून वाजलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, आणि ज्यांनी गाडीचे फोटो पाठवून "किती खर्च येईल" असं विचारलंय त्यांनी प्लीज गॅरेज गाठा.

प्रश्न : परवा सिग्नलला ब्रेक मारला तर पायाखाली पेडल थडथडायला लागलं, खालून खर्रर्र असा आवाज आला, मी घाबरून पायच काढला आणि गाडी सरकत सरकत पुढच्या गाडीला टेकायची थोडक्यात वाचली. बाबा म्हणतात बर्फात ब्रेक सोडत-मारत राहायचा, नवरा म्हणतो दाबून धरायचा. कोणाचं ऐकू? — दोघांमध्ये अडकलेली

उत्तर : नवऱ्याचं. बाबा खोटं सांगत नाहीयेत हं, त्यांचा हात ज्या गाड्यांवर बसला त्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम, नव्हतं. ब्रेक दाबून धरला की चाकं जाम व्हायची, आणि जाम झालेल्या चाकाला स्टिअरिंगचं काही ऐकू येत नाही, गाडी सरळ जायची ती जायचीच, म्हणून मग पाय मारत-सोडत राहायचं. आता तेच काम गाडी स्वतः करते, सेकंदाला कितीतरी वेळा, आणि प्रत्येक चाकासाठी वेगळं, आपल्या पायाला ते जन्मात जमणार नाही. ती थडथड म्हणजे सिस्टिम कामाला लागलीये. तुम्ही पाय काढलात म्हणजे तिचं काम अर्ध्यावर थांबवलंत. पुढच्या वेळी पेडल कितीही थरथरू दे, दाबून ठेवा आणि रिकाम्या जागेकडे स्टिअरिंग वळवा.

पण एक गोष्ट नवऱ्यालाही सांगा. एबीएस आहे म्हणजे गाडी लवकर थांबेल असं काही नाही. एबीएस असताना ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते, त्याचं खरं काम ते. भुसभुशीत ताज्या स्नोवर तर उलट होतं, जाम झालेलं चाक स्वतःसमोर स्नोचा ढिगारा जमा करतं आणि त्या ढिगाऱ्याला अडून गाडी थांबते, एबीएस चाक फिरतं ठेवतं त्यामुळे तो ढिगारा जमतच नाही आणि कधीकधी अंतर थोडं जास्तच लागतं.

आणि मुळात अंतराचा हिशोब बघा. ५० च्या स्पीडला कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तर गाडी साधारण १४-१५ मीटरमध्ये उभी राहते. टायरांखाली दबून घट्ट झालेल्या स्नोवर तिलाच ३५ ते ५० मीटर लागतात. गुळगुळीत बर्फावर १०० च्या आसपास, आणि तो ओला असेल तर त्याहूनही जास्त. यात तुमच्या डोक्यातून पायापर्यंत निरोप जायला लागणारा एक सेकंद धरलेला नाही, तेवढ्यात आणखी १४ मीटर गेलेले असतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलंय की बर्फात थांबायला दहा पट अंतर लागू शकतं, आणि लोकांना ते अतिशयोक्ती वाटते. नाहीये. चांगली बातमी एवढीच की स्पीड निम्मा केला की हे अंतर चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणजे २५ ने जात असाल तर त्याच बर्फावर पंचवीसेक मीटर. दुसरा कुठलाच उपाय इतका फायदा देत नाही, आणि याला दमडी लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे फोर व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आहे, वजनाला भक्कम आहे. मग विंटर टायरचा खर्च कशाला? ऑल सीझन चालत नाहीत का? — एसयूव्हीवाला

उत्तर : फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग निघायला होतो, थांबायला नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात हो. चढावर तुम्ही ऐटीत पुढे जाता, बाजूची छोटी गाडी चाकं फिरवत बसते, आणि मग तुम्हाला वाटायला लागतं की रस्ता चांगलाच आहे, स्पीड वाढतो, आणि उतारावर वळण येतं. खड्ड्यात उलट्या पडलेल्या गाड्यांमध्ये एसयूव्ही दिसतात त्या यामुळे. वजनाचंही तसंच, वजन जास्त म्हणजे अडवायचा धक्काही जास्त.

टायरचं असं आहे की उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, बर्फ असो नाहीतर नसो. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं, शिवाय जवळून बघितलंत तर त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील. चाक फिरताना त्या चिरा उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात आणि वरचं पाण्याचं पातळ थर त्यात ओढलं जातं. खाचांमध्ये स्नो भरून बसतो तोही फायद्याचाच, कारण स्नोला स्नो चांगला चिकटतो.

घेताना बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह आहे का ते बघा. ते चिन्ह म्हणजे टायर स्नोवरच्या टेस्टमध्ये पास झालाय. नुसतं "एम प्लस एस" (मड प्लस स्नो, म्हणजे चिखल आणि स्नो) लिहिलेलं असेल तर ते बऱ्याचदा खाचांच्या डिझाइनवरून कंपनीने स्वतःच लिहिलेलं असतं. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम प्लस एसवाल्या टायरला विंटर टायर म्हणून धरतच नाहीत, डोंगराचं चिन्ह लागतंच. आणि तिथला नियम तारखेवर नाही, रस्त्यावर स्नो, बर्फ, चिखलट पाणी असेल तेव्हा हे टायर पाहिजेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्ता हिवाळी झालेला असला की सक्ती, आणि टायरच्या खाचांची खोली किमान ३ मिलिमीटर. मी म्हणेन ४ च्या खाली गेला की बर्फासाठी तो टायर संपला, कायदा काहीही म्हणो.

ऑल सीझन चालतात, पण जिथे वर्षात चार वेळा स्नो पडून दुपारपर्यंत वितळतो तिथे. तुमच्याकडे महिना-महिना रस्ता पांढरा असेल तर नाही. आणि बदलायचे तर चारही बदला, फक्त पुढचे दोन चांगले टाकलेत तर वळणावर मागचा भाग निसटतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. अजून एक, हवा. तापमान १० अंश उतरलं की टायरमधलं प्रेशर दीड-दोन पीएसआयने उतरतं, त्यामुळे ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत कमीच असणार. "कमी हवा म्हणजे जास्त पकड" हे बर्फाच्या रस्त्यावर विसरा, ते वाळूत ठीक आहे.

प्रश्न : डॅशबोर्डवर ३ अंश दाखवत होतं, रस्ता नुसता ओला दिसत होता आणि पुलावर गाडी अचानक आडवी झाली. शून्याच्या वर बर्फ कसा काय? — नशिबाने वाचलेला

उत्तर : तुम्हाला भेटला तो ब्लॅक आइस. तो काळा नसतोच, पारदर्शक असतो, पातळ पापुद्रा, खालचं डांबर आरपार दिसतं म्हणून रस्ता ओला वाटतो.

गाडीचा सेन्सर हवेचं तापमान सांगतो, रस्त्याचं नाही. आभाळ निरभ्र असेल तर रात्रभर रस्ता आपली उष्णता वर फेकत राहतो आणि हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. म्हणून बऱ्याच गाड्या ३-४ अंशांनाच हिमकणाचा दिवा लावून टिंग करतात, तो आवाज म्युट करायची सेटिंग शोधू नका. पुलाचं तर आणखी वेगळं. साध्या रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळते, पुलाला वरूनही वारा आणि खालूनही वारा, त्यामुळे तो सगळ्यात आधी गोठतो. तीच गोष्ट झाडांच्या सावलीतल्या वळणाची, डोंगराच्या उत्तर बाजूची, आणि जिथे दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर आडवं वाहून येतं तिथली. वेळ म्हणाल तर पहाट आणि सूर्य उगवल्यानंतरचा थोडा वेळ, तेव्हा रस्ता सगळ्यात गार असतो आणि नेमकी तीच ऑफिसला जायची वेळ.

ओळखायचा कसा? पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघा. रस्ता ओला चमकतोय पण चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नाहीत, म्हणजे ते पाणी नाही. दुसरं, टायरचा आवाज एकदम बंद होतो, आत शांत वाटायला लागतं. तिसरं, स्टिअरिंग हातात हलकं लागतं. एवढं कळेपर्यंत तुम्ही बर्फावर पोचलेले असता, तेव्हा काहीच करू नका, खरंच. अॅक्सिलरेटरवरून पाय अलगद उचला, स्टिअरिंग सरळ, ब्रेकला हात— म्हणजे पाय— लावू नका. असे पट्टे बऱ्याचदा छोटे असतात, गाडी सरळ असेल तर सरळच पलीकडे निघते.

आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा, कारण अर्ध्या पत्रांमध्ये "उणे वीसमध्ये काय होईल हो" अशी काळजी दिसली. उणे वीसचा बर्फ कोरडा असतो, त्यावर टायरला बऱ्यापैकी पकड मिळते. खरा बेक्कार असतो तो शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचं थर आलेला. थंडी जरा कमी झाली, बरं वाटतंय, असं म्हणून लोक निघतात ते त्याच दिवशी. अतिथंड पाऊस पडतो तेव्हा तर विचारूच नका, थेंब हवेत शून्याखाली असूनही पाणीच असतात आणि रस्त्याला टेकल्या टेकल्या गोठतात, सगळ्या गावावर काच चढते. त्या दिवशी कुठलाही टायर, कुठलीही गाडी, कोणीही ड्रायव्हर कामाचा नाही. घरी बसा.

प्रश्न : उतारावर गाडी घसरली तर स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेने फिरवायचं की उलट? प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि त्या क्षणी डोकं चालत नाही. गाडी इलेक्ट्रिक आहे, काही फरक पडतो का? — डावं की उजवं

उत्तर : दिशेचा विचार सोडा, जिकडे जायचंय तिकडे बघा. हात आपोआप डोळ्यांच्या मागे जातात. खांबाकडे बघत राहिलात तर खांबालाच जाऊन धडकाल.

घसरणं दोन प्रकारचं असतं. एक, स्टिअरिंग वळवलंय पण गाडी सरळच चाललीये, म्हणजे पुढची चाकं घसरताहेत. लोक घाबरून आणखी वळवतात आणि त्याने आणखीच बिघडतं. पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग उलट थोडंसं मोकळं करा, पुढच्या चाकांना पकड मिळाली की मग हळू वळवा. दोन, गाडीची मागची बाजू निसटून पुढे यायला बघतेय. तेव्हा पाय काढा, क्लचची गाडी असेल तर क्लच दाबा, आणि नाक जिकडे जायला हवं तिकडे स्टिअरिंग वळवा, गाडी सरळ व्हायला लागली की लगेच परत सरळ करा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोका घेते आणि दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा असतो.

पण हे सगळं झाल्यावरचं. मुळात टायरची पकड म्हणजे बांधीव पगार आहे, ब्रेकवर उडवला तर वळायला उरत नाही आणि वळण्यावर उडवला तर ब्रेकला उरत नाही. कोरड्या रस्त्यावर पगार एवढा असतो की दोन्ही एकदम केलं तरी भागतं. बर्फावर एका वेळी एकच. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेक आटपा, मग ब्रेक सोडून वळा, आणि बाहेर पडल्यावर गाडी सरळ झाली की अॅक्सिलरेटर द्या. क्रूझ कंट्रोल बंद, त्याला बर्फ कळत नाही, चाक घसरतंय आणि तो आपला स्पीड टिकवायला बघतोय असं होतं. उतारावर आधीच खालचा गिअर टाकून ठेवा, मध्येच टाकायला गेलात तर तो झटकाही चाक सुटायला पुरतो.

इलेक्ट्रिकला फरक पडतो, हो. पाय उचलला की मोटर गाडीला मागे ओढते आणि बॅटरी चार्ज करते, ते ओढणं जोरात सेट केलेलं असेल तर बर्फावर ते ब्रेक मारल्यासारखंच आहे, आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मागचा भाग निसटू शकतो. सेटिंगमध्ये जाऊन ते कमी करा, स्नो मोड असेल तर तो लावा.

प्रश्न : नगरपालिका रस्त्यावर मीठ टाकते पण कडाक्याची थंडी पडली की टाकत नाही, नुसती वाळू टाकते. कंजूसपणा का? आणि मी दारासमोर पोतंभर मीठ टाकलं तर शेजारी भांडायला आला, त्याची झाडं मरतात म्हणे. — करदाता

उत्तर : कंजूसपणा नाही हो, त्या थंडीत मीठ टाकलं असतं तर मात्र तुमचे पैसे वाया गेले असते.

मिठाने बर्फ गरम होत नाही. मीठ विरघळलेलं पाणी शून्याला गोठत नाही, अजून खाली जावं लागतं, एवढीच गंमत आहे. खडा बर्फावर पडतो, आजूबाजूच्या ओलाव्यात विरघळतो, त्या खारट पाण्यात शेजारचा बर्फ विरघळतो, असं ते पसरत जातं. पण जितकी थंडी जास्त तितकं पाणी जास्त खारट ठेवावं लागतं. उणे १ अंशाला एक किलो मीठ साधारण ४६ किलो बर्फ वितळवू शकतं. उणे १२ ला तेच एक किलो जेमतेम ५ किलो वितळवतं, आणि तेही तासन्‌तास घेऊन. उणे २१ अंश ही साध्या मिठाची शेवटची हद्द, त्याखाली ते रस्त्यावर नुसतं पडून राहतं. म्हणून उणे १० च्या आसपास गेलं की बरेच ठिकाणचे लोक हात आखडता घेतात. मग कॅल्शियम क्लोराइड नावाचं वेगळं मीठ टाकतात, ते विरघळताना स्वतः उष्णता सोडतं आणि बरंच खालपर्यंत चालतं, पण महाग पडतं. नाहीतर वाळू, बारीक खडी. ती काही वितळवत नाही, फक्त टायरखाली काहीतरी खरखरीत मिळतं. आणि आधी सांगितलं तसं, एवढ्या थंडीत बर्फ कोरडा असतो, त्यावर वाळू छान काम करते.

स्नो पडायच्या आदल्या दिवशी कोरड्या रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा मारलेल्या दिसतात ना, ते खारं पाणी फवारलेलं असतं. बर्फ डांबराला चिकटूच नये म्हणून. चिकटलेला बर्फ सोडवायला जेवढं मीठ लागतं त्यापेक्षा हे कितीतरी कमी, आणि खडे चाकांनी उडून गटारात जातात तेही वाचतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये रस्त्यावर मीठ टाकायचा प्रयोग सुरू केला, त्याआधी स्नो दाबायचे, वाळू-राख टाकायचे. आता सवय अशी झालीये की पांढरा रस्ता दिसला की फोन लावून तक्रार.

आता तुमचं पोतं. शेजाऱ्याचं बरोबर आहे. मीठ विरघळलं तरी जात नाही कुठे, त्यातलं क्लोराइड मातीत, विहिरीत, तळ्यात जाऊन बसतं, आणि तिथून काढायला सोपा उपाय नाही. झाडांची मुळं पाणी ओढू शकत नाहीत, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, गाडीचा खालचा पत्रा गंजतो, कुत्र्यांच्या पंजांना जळजळ होते आणि मग ती ते चाटतात. आधी फावड्याने स्नो काढा, तोही पडत असतानाच दोन-तीनदा, लोकांनी तुडवून त्याचा बर्फ व्हायच्या आत. उरलेल्या पातळ थरावर चौरस मीटरला एक मोठा चमचा मीठ, खडे एकमेकांपासून सुटे पडतील असं. बास. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर मीठ तसंच दिसत असेल तर तुम्ही जास्त टाकलंत, झाडूने गोळा करून डब्यात भरा, परत वापरता येतं. आणि गरम पाणी ओतून बर्फ घालवायची आयडिया ज्यांनी ज्यांनी पाठवलीये त्यांना एकत्रच सांगतो, दहा मिनिटांनी तिथे आधीपेक्षा गुळगुळीत बर्फ तयार होतो.

प्रश्न : स्नो काढणाऱ्या गाडीच्या मागे अर्धा तास रखडलो. ओव्हरटेक करायला काय हरकत आहे? — घाईतला

उत्तर : तिच्या मागचा रस्ता हा त्या दिवशीचा सगळ्यात चांगला रस्ता आहे, तो सोडून तुम्हाला तिच्या पुढचा न साफ केलेला रस्ता पाहिजे? शिवाय तिचं पातं तिरकं आणि गाडीपेक्षा रुंद असतं, काहींना बाजूलाही पंख असतो आणि उडणाऱ्या स्नोच्या धुरळ्यात तो दिसत नाही. मागे राहा, अंतर ठेवून राहा.

प्रश्न : वादळात हायवे बंद पडला आणि रात्रभर गाडीतच अडकायची वेळ आली तर? हीटर चालू ठेवून झोपलं तर चालेल ना? — रोजचा लांबचा प्रवासी

उत्तर : नाही, नाही, नाही. बाकीची उत्तरं नाही वाचली तरी चालेल, हे वाचा.

बाहेर स्नो साठत जातो आणि मागचा सायलेन्सरचा पाइप बुजतो. मग धूर बाहेर जायच्या ऐवजी गाडीखाली कोंडतो आणि फटींमधून आत यायला लागतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि थंडीत थकलेल्या माणसाला वाटतं झोपच येतेय. असे लोक गारठून नाही, गुदमरून जातात, तेही चालू हीटरच्या उबेत.

म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी प्रत्येक वेळी बाहेर उतरून पाइपभोवतीचा स्नो हाताने, फावड्याने, जे असेल त्याने मोकळा करा. तासाला दहाएक मिनिटं चालवा, बास, आणि तेव्हा वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. तेवढ्यातच फोन चार्ज करा, आतला दिवा लावा म्हणजे शोधणाऱ्यांना दिसेल. एकापेक्षा जास्त माणसं असतील तर सगळ्यांनी एकदम झोपू नका. गाडी सोडून मदत शोधायला चालत जाऊ नका, समोर घर स्पष्ट दिसत असेल तरच, कारण उडत्या स्नोमध्ये पन्नास पावलांवर दिशा हरवते आणि गाडी शोधणं माणूस शोधण्यापेक्षा खूप सोपं असतं. दाराच्या हँडलला एखादं भडक रंगाचं कापड बांधा.

इलेक्ट्रिकवाले लगेच विचारतील आमचं काय. तुमच्याकडे धूर नाही, त्यामुळे हा धोकाच नाही. हीटरला सरासरी दोन किलोवॅट लागतात असं धरलं तर ६० किलोवॅट-तासांची भरलेली बॅटरी तीस तास पुरेल, आणि फक्त सीट गरम ठेवलंत तर त्याहून बरंच जास्त. पण "भरलेली" हा शब्द महत्त्वाचा, वादळाच्या दिवशी १५ टक्क्यांवर निघू नका. पेट्रोलवाल्यांनीही अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ नका.

डिकीत काय ठेवायचं ते माहीतच असतं सगळ्यांना, फक्त ठेवत कोणी नाही : ब्लँकेट, टॉर्च, छोटं फावडं, पॉवर बँक, जाड मोजे, पाणी, कोरडा खाऊ, थोडी वाळू. आणि फावडं डिकीत ठेवून डिकीच गोठली तर काय, म्हणून एक खरवडणी सीटखाली.

प्रश्न : सकाळी काचेवर बर्फ, दार उघडत नाही, हँडब्रेक सुटत नाही. एक एक करून सांगा. — पार्किंग उघड्यावर

उत्तर : काचेवर गरम पाणी अजिबात नको, तडकते. खरवडणी वापरा, आणि पूर्ण काच साफ करा, डोळ्यापुरतं भोक पाडून निघणारे महाभाग दिसतात रोज. वायपर गोठलेले असताना स्विच ऑन केलात तर मोटर जळू शकते, रात्री बंद करताना वायपर ऑफ आहेत ना बघा. वॉशरमध्ये साधं पाणी असेल तर काढून थंडीतलं लिक्विड भरा, नाहीतर चालत्या गाडीत काचेवरच बर्फ जमतो. दाराच्या रबरांना सिलिकॉनचा हात आदल्या दिवशीच फिरवा. हँडब्रेक ओल्या थंडीत जाम होतो, सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक न लावता चाकाला ठोकळा लावा. आणि टपावरचा स्नो पण काढायचा असतो हो! पहिल्या ब्रेकला तो अख्खा तुमच्याच काचेवर घसरून येतो, नाहीतर मागच्या माणसावर उडतो.

प्रश्न : पार्किंगमधून निघताना चाक जागीच फिरत राहतं, जितका अॅक्सिलरेटर देतो तितकं खाली रुतत जातं. — रुतलेला

उत्तर : मग देऊ नका. फिरणारं चाक बर्फ तापवतं, त्यावर पाणी सुटतं, आणि वर सांगितलंय तसं ओल्या बर्फासारखं वाईट काही नाही. उतरा, चाकांच्या पुढचा-मागचा स्नो काढा, चाकं सरळ करा, वाळू टाका, दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू क्लच सोडा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू न देणारी सिस्टिम) इंजिनची ताकदच कापत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा, निघाल्यावर आठवणीने चालू. पायपुसणी चाकाखाली घालताय तर मागे कोणाला उभं करू नका, ती सणकन उडते. टायरवर चढवायची चेन असेल तर ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना लावायची, थोडं पुढे जाऊन परत आवळायची, ५० च्या वर जायचं नाही, आणि हे सगळं एकदा कोरड्यात दिवसाउजेडी लावून बघायचं. अंधारात, बोटं बधिर झालेली असताना, माहितीपत्रक वाचत शिकायची ही गोष्ट नाही.

प्रश्न : आई सत्तरीची आहे, रोज चालायला जायचा हट्ट. — काळजीतली लेक

उत्तर : जाऊ दे, पण बुटांना लावायचे काट्यांचे पट्टे मिळतात ते घेऊन द्या, आणि दुकानात किंवा घरात शिरताना काढायला सांगा, फरशीवर तेच घसरतात. पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. आणि सकाळी सातच्या ऐवजी अकराला जायला सांगा. हट्ट चालण्याचा आहे की सातचा, ते तुम्हालाच माहीत.

प्रश्न : स्कूटर किंवा सायकल चालवू शकतो का बर्फात? — दोन चाकांवर प्रेम

उत्तर : स्कूटर नको. सायकल चालते, फिनलंडमधल्या ओउलू शहरात भर हिवाळ्यातही खूप लोक सायकलने जातात, पण तिथे सायकलचे रस्ते वेगळे आहेत आणि ते झटपट साफ करतात. तुमच्याकडे गाड्यांच्या मधूनच जायचं असेल तर विचार करा. खिळ्यांचे टायर घ्या, सीट थोडी खाली करा म्हणजे पाय पटकन टेकतो, पुढचा ब्रेक बर्फावर विसरा. आणि खिळ्यांचा एकच टायर परवडत असेल तर तो पुढे लावा, मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस सरळ खालीच.